सीव्ही कसा लिहायचा? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

चाकण भागातल्या कारखान्यांसाठी मी बरीच वर्षं भरती केली. आता दर रविवारी आमच्याकडच्या अभ्यासिकेत मुलामुलींचे सीव्ही बघून देतो. खालचे प्रश्न तिथे आणि व्हॉट्सॲपवर सतत येणारे आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, जरा आवरून. उत्तरं खासगी नोकरीपुरती आहेत. सरकारी भरतीत जाहिरातीतला अर्ज आणि त्याच्या अटी चालतात, तिथे सीव्हीला फारसं काम नसतं.

१. बायोडेटा, रिझ्युमे आणि सीव्ही यांत नेमका फरक काय? कंपनीने बायोडेटा मागितला तर वेगळा करायचा का?

वेगळा करू नका. आपल्याकडे एचआरवाले तिन्ही शब्द एकाच कागदासाठी वापरतात. लांबलचक सीव्ही लागतो तो प्राध्यापकी, संशोधन अशा ठिकाणी, कारण तिथे शोधनिबंध आणि परिषदांची यादी द्यावी लागते.

घोळ होतो तो बायोडेटा या शब्दामुळे. आपल्या घरात हा शब्द लग्नाचा. मग त्याच फाइलमध्ये फेरफार करून नोकरीचा कागद तयार होतो आणि उंची, वर्ण, मामाचं गाव तसंच राहून जातं. एका मुलाच्या सीव्हीवर रक्तगटाच्या खाली रासही होती. नोकरीचा कागद कोऱ्या पानावरच सुरू करा.

२. किती पानांचा असावा?

फ्रेशर आणि चार-पाच वर्षांपर्यंतचा अनुभव: एक पान. त्यापुढे दोन. दोनावर जायचं कारण क्वचितच सापडतं.

३. कोणत्या क्रमाने लिहू?

वर नाव, मोबाइल, ईमेल आणि राहण्याचं ठिकाण. मग दोन-तीन ओळींची ओळख (प्रश्न ५). त्याखाली अनुभव, सगळ्यात अलीकडचा आधी. मग शिक्षण, तेही शेवटच्या पदवीपासून मागे. मग येणारी सॉफ्टवेअर, मशीन, भाषा.

फ्रेशरने शिक्षण वर घ्यावं. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप केली असेल तर मात्र ती शिक्षणाच्याही वर घ्या. वर्षभर खऱ्या मशीनवर उभं राहिलेल्या मुलाला सुपरवायझर आधी बोलावतो.

४. फोटो, जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता हे सगळं द्यायचं ना?

नाही. जात आणि धर्म तर अजिबात नको. आरक्षणाचा संबंध सरकारी अर्जाशी, तिथे दाखल्यासकट तो रकाना असतोच. लग्न झालंय की नाही, हेही लिहायचं कारण नाही. फोटो मागितला तरच द्या. हॉटेलचं फ्रंट ऑफिस, विमान कंपन्या आणि आखातातल्या नोकऱ्यांसाठी तो मागतात.

पूर्ण पत्ता नको, पण भागाचं नाव जरूर लिहा. कारखान्याची बस कुठून कुठे जाते यावर शिफ्टची भरती अडते. 'पुणे' एवढं लिहिण्यापेक्षा 'भोसरी' लिहिलेलं बघणाऱ्याच्या लगेच उपयोगी पडतं. सेल्स किंवा फील्डचं काम असेल तर दुचाकी आणि लायसन्स असल्याची एक ओळ टाका. आधार, पॅन, बँक खात्याचे नंबर सीव्हीवर कधीच टाकू नका.

५. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' काय लिहू? सायबर कॅफेवाल्याने एक दिलंय.

ते मला पाठ आहे. 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' असंच सुरू होत असणार. तालुक्याच्या एका कॅफेतून शंभर सीव्ही निघाले तर शंभरांवर तेच वाक्य असतं, त्यामुळे ते कोणी वाचतच नाही.

त्या जागी तुम्ही कोण, काय केलंत आणि कोणती जागा हवी आहे एवढं सांगा. उदाहरणार्थ: 'बी.कॉम., २०२३. दोन वर्षं सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न आणि टॅलीवरच्या नोंदी. पुण्यात अकाउंट्स असिस्टंटची नोकरी हवी.' झालं. हे आणि पुढचे नमुने मी समजायला सोपं म्हणून मराठीत देतोय, तुमच्या सीव्हीत ते साध्या इंग्रजीत जातील (प्रश्न ९ पाहा).

६. मी फ्रेशर आहे. लिहायला काहीच नाही, पान रिकामं दिसतं.

मग पान भरण्यासाठी 'हार्डवर्किंग, पंक्च्युअल, क्विक लर्नर' असे शब्द येतात आणि शेवटी क्रिकेट बघणे, गाणी ऐकणे हे छंद. ते सगळं काढा. त्यानंतर जे उरतं तिथून सुरुवात करू.

आधी कॉलेजचा प्रोजेक्ट. चौघांच्या गटात चौघेही तोच परिच्छेद उचलतात आणि एकाच कंपनीला चारही सीव्ही येतात. तुम्ही स्वतः काय केलंत तेवढंच लिहा. सर्किट तुम्ही जोडलं की फक्त अहवाल टाइप केला? अहवाल टाइप केला असेल तर तसंच लिहा, मुलाखतीत सर्किटवर प्रश्न आला तर तोंडघशी पडणार नाही.

मग कॉलेजबाहेरचं. बऱ्याच जणांनी काम केलेलं असतं, फक्त त्याला ते काम म्हणत नाहीत. एक मुलगी 'अनुभव: शून्य' असं लिहून आली होती. बोलता बोलता कळलं, की सलग तीन वर्षं मंडळाचा गणपतीचा हिशोब तीच लिहीत होती: वर्गणीची पावतीपुस्तकं, मांडववाल्याचा ॲडव्हान्स, शेवटी बैठकीत वाचायचा जमाखर्च. अकाउंट्सच्या जागेसाठी हे सांगायचं नाही तर काय सांगायचं? आम्ही ते चार ओळींत बसवलं. किती पावतीपुस्तकं आणि किती रकमेचा व्यवहार, तेही टाकलं.

असंच वडिलांच्या किराणा दुकानात बसणं, डेअरीच्या संकलन केंद्रावर रोज सकाळी फॅट बघून नोंद करणं, एनएसएसच्या शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाचं सामान आणणं. शेतीही लिहा, पण 'शेतीत मदत' असं नको. ठिबकची लाइन तुम्ही टाकली असेल, बाजार समितीत माल घेऊन तुम्ही जात असाल, तर ते लिहा. ज्या जागेसाठी अर्ज करताय तिच्याशी काही नातं मात्र लागायला हवं.

७. अनुभवाखाली 'जबाबदाऱ्या' म्हणून काय लिहायचं?

सीव्हीचा जीव इथेच असतो आणि सगळ्यात वाईटही इथेच लिहिलं जातं. एका मुलाने लिहिलं होतं: 'क्वालिटी चेकिंग, टीमवर्क, वरिष्ठांनी दिलेली सर्व कामं.' मी त्याला विचारलं, सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचास?

'मागच्या शिफ्टचं रजिस्टर बघायचो, सर.'

'मग?'

'फर्स्ट पीस तपासायचो. नंतर दर तासाला पाच नग.'

'कशाने?'

'बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने. बोअरला प्लग गेज.'

'नग बाद निघाला तर?'

'लाल क्रेटमध्ये टाकून टॅग लावायचा. सेटरला बोलवायचं, तोवर मशीन बंद.'

सीव्ही बोलून झाला होता, फक्त कागदावर उतरवायचा राहिला होता. त्याच्या ओळी अशा झाल्या: 'दोन सीएनसी टर्निंग मशीनवर फर्स्ट पीस आणि दर तासाला ५ नगांची तपासणी, मायक्रोमीटर व प्लग गेजने. बाद नग वेगळे करून टॅग लावणं, सेटरला कळवणं, शिफ्टचं रिजेक्शन रजिस्टर.' 'टीमवर्क' गेलं, कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

आकडे विचारतात लोक: कुठून आणू? रोजच्या कामातून. दिवसाला किती बिलं, किती कॉल, किती गाड्या लोड, किती मुलांचा वर्ग. 'उत्पादकता ३० टक्क्यांनी वाढवली' असलं इंटरनेटवरून उचललेलं वाक्य टाकू नका. मी अशा ओळीवर एकच प्रश्न विचारायचो, 'आधी किती होती?' पुढे शांतता. प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता येईल का, हे घरीच मोठ्याने बोलून बघा. नाही जमलं तर ती ओळ तुमची नाही.

८. एटीएस म्हणजे काय? माझा सीव्ही माणूस वाचतच नाही म्हणतात, खरं का?

एटीएस म्हणजे अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते तुमच्या फाइलमधून नाव, शिक्षण, कंपन्या, कौशल्यं वेगळी करून रकान्यांत भरतं. मग भरती करणारा माणूस त्यात 'टीडीएस' किंवा 'ऑटोकॅड' असं शोधतो. नोकरी डॉट कॉमसारख्या साइटवरही शोध साधारण असाच चालतो. छोट्या वर्कशॉपमध्ये हे काही नसतं, तिथे मालकच मोबाइलवर फाइल उघडतो.

म्हणून दोन गोष्टी. जाहिरातीत जो शब्द आहे आणि जे तुम्हाला खरंच येतं, ते त्याच शब्दात लिहा. आणि मांडणी साधी ठेवा. कॅनव्हावरचे दोन कॉलमचे रंगीत नमुने देखणे असतात, पण यंत्राने वाचताना डाव्या कॉलममधला फोन नंबर उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसू शकतो. कौशल्यांचे ते पाच गोळे, त्यांतले चार भरलेले, तेही नकोत. एक्सेल 'पाचपैकी चार' येतं म्हणजे काय येतं?

तपासायची घरगुती युक्ती: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे नीट वाचता आला तर यंत्रालाही बहुतेक जमेल. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची आयडिया कोणी सांगितली तर ऐकू नका, फाइल रकान्यांत उतरली की ते शब्द उघडे पडतात.

९. मराठीत लिहिला तर चालेल का?

मराठी वृत्तपत्रं, प्रकाशनं, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था, मराठी माध्यमाच्या शाळा इथे चालतो, कधी कधी शोभूनही दिसतो. बाकी ठिकाणी इंग्रजीच. अवघड इंग्रजी लागत नाही, छोटी वाक्यं पुरतात.

मराठीत करणार असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये करून घेतलेली वर्डची फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन उघडते.

१०. पीडीएफ पाठवू की वर्ड?

पीडीएफ. वर्ड मागितला असेल तरच वर्ड. छापलेल्या सीव्हीचा मोबाइलने काढलेला फोटो अजिबात नको, त्यातला मजकूर शोधात सापडायची खात्री नसते. फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. 'न्यू रिझ्युमे फायनल २' नावाच्या फाइली माझ्या संगणकावर डझनाने असायच्या. ईमेलचा पत्ताही बघून घ्या, अकरावीत काढलेला 'डॅशिंग' वगैरे असेल तर नवा काढा.

११. टक्के कमी आहेत, एटीकेटी लागली होती. लिहू का?

पदवीचं वर्ष आणि शेवटचा निकाल लिहा. कुठल्या सेमिस्टरला विषय राहिला होता, हे सीव्हीवर लागत नाही. विषय अजून सुटला नसेल तर मात्र 'पदवी पूर्ण' असं लिहू नका, 'निकाल प्रतीक्षेत' किंवा 'एक विषय बाकी' लिहा. जाहिरातीत किमान टक्के मागितले असतील तर ते लपवून काही साधत नाही, कागद तपासताना कळतंच.

सीजीपीएचे टक्के करताना तुमच्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा. ९.५ ने गुणायची रीत सीबीएसईच्या दहावीची होती, ती पदवीला लावून टक्के फुगवलेले सीव्ही मी पाहिलेत. २०२१ ला दहावी-बारावी झालेल्यांना विचारावंसं वाटतं, की आमची परीक्षाच झाली नव्हती, तसं लिहू का? गरज नाही. त्या वर्षी राज्य मंडळाचे निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुणपत्रिकेवर आहे तेच लिहा.

१२. चार वर्षं एमपीएससी केली, झालं नाही. हा गॅप कसा दाखवू?

या प्रश्नासोबत मुलांचा आवाज खाली जातो, म्हणून आधी सांगतो: महाराष्ट्रात भरती करणाऱ्या प्रत्येकाने असे सीव्ही भरपूर पाहिलेत, काहींच्या घरातच असा एक जण असतो.

लपवू नका. 'फ्रीलान्सिंग' असं खोटं लिहिलंत तर पुढच्या प्रश्नाला अडकाल. एक सरळ ओळ पुरते: '२०२० ते २०२४: राज्यसेवा परीक्षेची तयारी, पुणे.' पूर्व परीक्षा पास झाला असाल, मुख्य दिली असेल, तर ते लिहा. त्या काळात अभ्यासिकेची फी आणि मेसचे पैसे काढायला बहुतेकांनी काहीतरी केलेलं असतं: क्लासमध्ये पेपर तपासणं, शिकवण्या, डेटा एन्ट्री, डिलिव्हरी. ते स्वतंत्र अनुभव म्हणून द्या, प्रश्न ७ प्रमाणे.

मुलाखतीत खरा प्रश्न वेगळाच असतो: पुढची जाहिरात आली की सोडून जाणार का? तो सीव्हीतच संपवता येतो. गेल्या सहा महिन्यांत या क्षेत्रासाठी केलेली एखादी गोष्ट, टॅलीचा कोर्स म्हणा किंवा कुठे पार्टटाइम काम म्हणा, तयारीच्या ओळीच्या वर ठेवा. वयाच्या अटीत अजून बसत असाल आणि परीक्षा द्यायचीच असेल तर त्याचं उत्तर तयार ठेवा, पण सीव्हीवर घालू नका.

१३. लग्न, मग मुलं, सात वर्षं घरी होते. आता परत सुरुवात करायची आहे.

'२०१७ ते २०२४: कौटुंबिक कारणासाठी खंड' एवढं बास, ताई, माफी मागितल्यासारखं लिहू नका. आधीचा अनुभव वर घ्या आणि मधल्या काळात बदललेलं काय शिकलात ते दाखवा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. तुम्ही त्याआधी अकाउंट्स सोडलं असेल तर 'आता जीएसटी येतो' ही ओळ सात वर्षांच्या खंडापेक्षा जास्त वजनदार आहे. बचत गटाचे हिशोब, सोसायटीची कामं यांसाठी प्रश्न ६ पाहा, नावासाठी पुढचा.

१४. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर वेगळं. सीव्हीवर कोणतं?

आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. नुसता क्रम उलटा असेल तर चिंता नको. सीव्हीवर नाव, मग आडनाव, असं सुटसुटीत लिहा. स्पेलिंग मात्र सगळीकडे एक हवं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी आजचं नाव लिहून त्याखाली 'प्रमाणपत्रांवरील नाव' अशी छोटी ओळ द्यावी. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद रुजू होताना लागते, सीव्हीला जोडायची नाही.

१५. काम मोठ्या कंपनीत केलं, पण ठेकेदाराच्या पेरोलवर. कंपनीचं नाव लिहू शकतो का?

हो, पण दोन्ही नावं लिहा: आधी ठेकेदाराची फर्म, पुढे 'कामाचं ठिकाण' म्हणून कंपनी आणि प्लँट. नुसतं कंपनीचं नाव टाकलंत तर पडताळणीत ती कंपनी 'हा आमचा कर्मचारी नव्हता' असं कळवते आणि खरं काम करूनही तुम्ही खोटे ठरता. माझ्यासमोर दोन चांगले वेल्डर असेच गेले. अप्रेंटिस असाल तर 'अप्रेंटिस' लिहा, 'ज्युनियर इंजिनिअर' नको.

१६. एक नोकरी चार महिन्यांत सोडली. गाळून टाकू?

तिथे पीएफ कापला जात होता का? असेल तर यूएएनखाली, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाखाली, त्या कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि पडताळणी करणाऱ्या कंपन्या तेच बघतात. तेव्हा लिहा, कारण दोन शब्दांत मुलाखतीत सांगा. पीएफ नसलेलं, पंधरा-वीस दिवसांत सोडलेलं काम गाळलं तर बिघडत नाही. महिने लपवायला '२०२२-२०२३' अशी नुसती वर्षं देणारे पुष्कळ असतात. भरतीवाला त्याच ओळीवर बोट ठेवतो.

१७. सध्याचा पगार, अपेक्षित पगार लिहू?

सीव्हीवर नको. अर्जात किंवा फोनवर विचारतात तेव्हा सांगा, आणि वार्षिक सीटीसी (कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च) सांगताय की हातात येणारा, हे स्पष्ट करा. नोटीस पिरियड मात्र कमी असेल तर वर लिहा. ९० दिवसांच्या नोटिशीवाल्यांच्या गर्दीत १५ दिवसांत येणारा माणूस आधी बोलावला जातो.

१८. एमएस-सीआयटी लिहायचं का?

सरकारी नोकरीला लागतं, म्हणून ठेवतात सगळे. खासगीत एका ओळीत ठेवा, पण त्यापुढे एक्सेलमध्ये काय करता ते सांगा: पिव्हट टेबल, व्हीलुकअप, रोजचा स्टॉक रिपोर्ट. टायपिंगची सरकारी परीक्षा पास असाल तर भाषा आणि वेग दोन्ही लिहा. मराठी टायपिंग येणारा माणूस वकिलांच्या आणि बिल्डरांच्या ऑफिसात आजही शोधतात.

१९. चॅटजीपीटीकडून करून घेतला तर कळतं का?

कळतं, कारण सगळ्यांचा सारखाच येतो: तेच जड शब्द आणि कधीच न केलेली कामं. आधी आपली खरी माहिती मराठीत लिहा किंवा बोला, मग इंग्रजी सुधारायला द्या. परत आल्यावर प्रश्न ७ मधली दोन मिनिटांची परीक्षा प्रत्येक ओळीला लावा.

२०. जर्मनीला जायचंय. तोच सीव्ही चालेल?

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. तिकडे सीव्हीला लेबेन्सलाउफ म्हणतात. डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे काम, अशी तारखांची सलग मांडणी त्यांना हवी असते, मधले खंड ते नक्की विचारतात. खाली ठिकाण, तारीख आणि सही करायची जुनी पद्धत अजून दिसते. फोटो लावायची प्रथा आहे, सक्ती नाही. जर्मन भाषेची पातळी ए२, बी१ अशीच लिहा, 'चांगली येते' याला तिथे अर्थ नाही. भारतातला सीव्ही त्यापासून वेगळा ठेवा.

२१. शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर' आणि सही लागते का? ओळखीच्यांची नावं?

भारतातल्या खासगी नोकरीला नाही लागत. दोन्ही काढा, तीन ओळी मोकळ्या होतात. ओळखीच्यांची नावं मागितल्यावरच द्या, आणि त्यांना आधी विचारून.

२२. साइटवर सीव्ही टाकला आणि लगेच फोन आला: 'सिलेक्शन झालंय, रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा.'

भरू नका. मुलाखत न घेता निवड होत नाही, आणि निवड झालेल्याकडून कंपनी पैसे घेत नाही. ऑफर लेटरवरचा लोगो कोणीही चिकटवू शकतो. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का ते बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः फिरवून विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तो जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.